कावळ्यापुढे रायफल

अहो, कावळ्याला जेवायला बोलवायचं आणि त्याच्या पानाशेजारी बंदूक ठेवायची, हे फक्त तुमच्याच घरच्यांना सुचू शकतं. तुमच्या दहाव्याला तापीच्या घाटावर नेमकं हेच झालं. तुम्ही असता तर तिथल्या तिथे एकेकाची खरडपट्टी काढली असती. पण त्या दिवशी नेमके तुम्हीच नव्हतात, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आता सगळे म्हणतात, नवऱ्याचा दहावा आणि बाईचा आवाज बघा.

तर ऐका. पिंड मांडून झाले. गुरुजी म्हणाले, त्यांच्या आवडीचं जे असेल ते जवळ ठेवा. मी लोचो ठेवला, तुमचा तो डाळीचा वाफवलेला सुरती खाऊ, वरून तेल आणि शेव घालून, कांदा वेगळा. तुम्हाला लोचोत कांदा मिसळलेला चालायचा नाही, आणि गेल्यावर चालायला लागेल असं समजायचं काही कारण नाही. आपल्या पोरीने, वैशूने, तुमचा चष्मा ठेवला. तुमचे थोरले भाऊ, आबा, गावाहून आल्यापासून घराचा कारभार हातात घेऊन बसलेत. त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला. इथवर सगळं ठीक. मग आबांचा किरण गाडीकडे गेला आणि तुमची रायफल घेऊन आला. पेटीतून काढून, उघडी, खांद्यावर टाकून, पिक्चरमधल्या दरोडेखोरासारखी. आणली ती आणली, पिंडांच्या बाजूला वाळूत आडवी ठेवली. काकांचा जीव होता हिच्यात, म्हणाला. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

मी मात्र नळी बघत होते. नळीचं तोंड सरळ गुरुजींच्या पोटाकडे. बोल्ट बंद. बंदूक रिकामी आहे हे दाखवणारा केशरी दोरा नळीतून नाही. तुम्ही घरी रायफल पुसायला बसलात की मला झाडूसुद्धा मारू द्यायचा नाहीत, धूळ उडते म्हणून. आणि तीच रायफल घाटावरच्या वाळूत. माझ्या मस्तकात सणक गेली हो.

घाटावर कावळ्यांना काय तोटा? पत्र्याच्या शेडवर ओळीने बसलेले. शेजारच्या कुटुंबाचा पिंड तर मांडून हात मागे घ्यायच्या आत शिवला. आमच्याकडे एकही फिरकेना. एक उतरला, दोन उड्या मारल्या, रायफलकडे मान वाकडी करून बघितलं आणि परत शेडवर. झालं. सगळ्यांचे चेहरे पडले. काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात, अशी कुजबुज सुरू झाली. आबांनी हात जोडले आणि वचनं द्यायला लागले. तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. कावळा नाही. वर्षश्राद्ध गावालाच करू. कावळा नाही. गावच्या घरात तुझी खोली तशीच ठेवू. तरी नाही. शेवटी आबांचा आवाज फुटला, आणि आपण घरात बोलतो त्या अहिराणीत ते तुमच्याशी बोलले.

"भाऊ, तुना जीव कसामा अडकेल शे रे? पोरमा? पोरनं लगन आखाजीले करी टाकसूत. बंदूक किरण गावले लई जाई. तू मोकळा व्हय."

अक्षय्य तृतीयेला लग्न, बंदूक किरणला, असं त्यांचं चाललेलं असताना मला राहवलं नाही. मी उठले आणि रायफल उचलली. तुम्ही शिकवलंत तशी, बोट घोड्यापासून लांब, नळी नदीकडे, जिकडे माणूस नाही तिकडे. गाडीपाशी नेली, बोल्ट उघडला, आत छर्रा नाही हे बघितलं, वाळू झटकली, दोरा घातला आणि पेटी बंद केली. पेटीची कडी लावते न लावते तोच मागे गलका झाला. शिवला, शिवला. वळून बघते तर तुमच्या लोचोवर दोन कावळे. आणि आबा ढसाढसा रडतायत, किरणच्या गळ्यात पडून.

त्या रडण्यात खोट नव्हती, हे मी मान्य करते. पण त्याच रडण्यात माझ्या पोरीचं लग्न ठरलं, तुमची नेमबाजीची रेंज बंद करायचं ठरलं आणि तुमची रायफल गावाला निघाली. तुम्ही कौल दिलात म्हणे. मी म्हटलं, आबा, कावळा बंदुकीला घाबरत होता, मी ती उचलली म्हणून तो आला. तर माझ्याकडे असं बघितलं जसं मला ताप चढलाय. दुःखात माणसाला भान राहत नाही, असं गुरुजींना सांगितलं. आणि किरण! त्याला ती रायफल कशाला हवी होती, माहितीये? शेतात वानरं फार झालीत, काकू. मेथीवर पाखरं पण बसतात.

वानरं आणि पाखरं. तुमच्या रायफलने. ऐकताय ना?

मागच्या सोसायटीतला तो माणूस आठवतो का, गच्चीवरून एअर गनने कबुतरं हाकलणारा? तुम्ही पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमधून अंगाला रंगाचा वास घेऊन नुकतेच घरी आला होतात. फट्ट असा आवाज आला आणि तुम्ही हातातला चहा ठेवून अनवाणी खाली. पाठोपाठ मी, हातात तुमच्या चपला. तो म्हणत होता, काका, ही तर खेळण्यातली आहे, लायसन पण लागत नाही. तुम्ही त्याला त्याच्याच दाराचा पत्रा दाखवलात, त्यात पडलेला खड्डा दाखवलात, आणि म्हणालात की हे खेळणं असेल तर तुझ्या डोळ्यापुढे धरतो. सगळी सोसायटी गोळा झाली. मला तेव्हा लाज वाटली होती. आता वाटत नाही. तो माणूस घर सोडून गेला, पण आपल्या भागातले कावळे-कबुतरं अजून लांब काठी दिसली तरी उडतात. गादी झटकायची काठी घेऊन गच्चीवर गेले तरी उडतात. घाटावर मला जे कळलं ते काही देवाने नाही सांगितलं, रोज बघते म्हणून कळलं.

तुम्हाला राग लवकर यायचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा, हीच तर पंचाईत. बरोबर माणसाशी भांडणार कसं? उधन्यातलं ते बंद पडलेलं लूमचं खातं, कापड विणायचा कारखाना, तुम्ही घेतलंत, वरच्या मजल्यावर भिंतीला जाड फळ्या लावल्यात, दोरीवर पुढे-मागे जाणारी टार्गेटं लटकवलीत, आणि सुरतमध्ये कापडवाल्यांच्या मुलांना नेम शिकवायला निघालात. खाली शेजारच्या खात्यातले संचे, म्हणजे माग, दिवसभर खडखडायचे. फरशी हलायची, टेबलावरच्या डबीतले छर्रे नाचायचे. लोक म्हणायचे, इथे कसला नेम लागणार? तुम्ही म्हणायचात, इथे लागला तर कुठेही लागेल. आणि मग संचेवाल्यांची चहाची वेळ झाली, खालचा आवाज थांबला, की तुम्ही अख्ख्या मजल्याला गप्प बसवून म्हणायचात, आता मारा. त्या शांततेत फक्त टक्, टक्, कागदाला भोक पडल्याचा आवाज. मला साडीच्या लेसपट्टीच्या कामातून उठून तिथे यायला आवडायचं, ते या आवाजासाठी. कधी बोलले नाही. आता सांगून टाकते.

रेंजवर मी टार्गेटचे कागद बदलायचे आणि पोरांचे हात धुऊन घ्यायचे. छर्रे शिशाचे, त्याच हाताने पोरं वडापाव खायची. मी साबण घेऊन दारात उभी राहायचे, हात दाखवल्याशिवाय एकालाही खाली सोडायचे नाही. तुम्ही हसायचात. नेमबाजीच्या कोचिंगला येतात की बालवाडीला, असं म्हणायचात. पण त्यानंतर तुम्हीही माझ्यापुढे हात धरायला लागलात, वास घे म्हणून. साबणाचाच वास यायचा, शहाणपणा करायचात तेवढा.

आणि ते केतनभाई, कतारगामचे. मुलीसाठी बंदूक घेऊन आले, वर दुर्बीण बसवलेली, हिरव्या ठिपक्यांचा रंग, वजनाला मुसळ. दुकानदाराने सांगितलं म्हणे, सर्वांत मजबूत हीच. पोरगी दहा-अकरा वर्षांची, धरली तर मागे वाकून पाठीची कमान. तुम्ही ती बंदूक तिच्या हातातून काढून घेतलीत आणि केतनभाईंच्या हातात दिलीत. मग आपल्याकडची जुनी हलकी रायफल काढलीत, खांद्याला टेकणारा दस्ता आखूड करून दिलात, तिला टार्गेटपुढे उभी केलीत आणि म्हणालात, डोळे मीट, तुला बरं वाटेल तशी धर, आता उघड. डोळे उघडल्यावर नळी टार्गेटच्या बाजूला भिंतीकडे होती. तुम्ही नळीला हात लावला नाहीत. तिचे पाय थोडे सरकवलेत. परत डोळे मीट. तिसऱ्यांदा उघडले तर समोर टार्गेट. हात ओढून नेम धरायचा नाही, अंग तिकडे वळवायचं, हे तुम्ही तिला एक अक्षर न बोलता शिकवलंत. केतनभाईंना मात्र भरपूर बोललात. पोरगी वाढेल म्हणून तिला तुमच्या मापाच्या चपला घेता का, असं विचारलंत. ते वैतागून म्हणाले, सर, तमे शीखववा बेठा छो के वढवा? शिकवायला बसलात की ओरडायला? तुम्ही म्हणालात, दोन्ही. पोरगी पुढेही येत राहिली. अजून येते. दहाव्याला घाटावर लांब उभी होती, हात धुऊन आलेय असं मला दाखवत होती. तिथे मी रडले, पिंडापुढे नाही.

अंगाला लागेल ते घ्या, नाव बघू नका. दस्ता गालाला यायला हवा, गाल दस्त्याला न्यायचा नाही. पिस्तुलाची मूठ हातात अशी बसली पाहिजे की बोट आपोआप घोड्यावर जाईल, शोधावं लागणार नाही. हे सगळं तुम्ही जगाला सांगितलंत. घरच्या पोरीच्या बाबतीत मात्र तुमचे कान बंद. आता मी तुमच्यावर येते. तुम्हाला वाटलं असेल, आबा आणि किरणवरच भागेल. नाही.

वैशूची पाठ दुखत होती. रायफल धरून तासन्‌तास कंबर वाकवून उभं राहायचं, वर ते जाड जॅकेट, पत्र्यासारखी पँट. डॉक्टरांनी सांगितलं, हिने थोडं कमी करावं. मी तुम्हाला म्हटलं, तिला पिस्तूल द्या. एका हातात धरायचं, अंग सरळ. मुलीचा हात बघा, माझ्यावर गेलाय, सुईत दोरा ओवताना हलत नाही. तुमच्या मित्राचं पिस्तूल तिने एकदा घेतलं तर सगळी भोकं एका वाटीत मावतील अशी पडली. तुम्ही काय म्हणालात? नवशिक्याचं नशीब. पिस्तूल म्हणजे रोजचा मूड, रायफल म्हणजे शिस्त. वर म्हणालात, पाठीचे व्यायाम कर. मग मी बोलले, तुम्ही बोललात, वैशू तिच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मग पुढच्या आठवड्यात तेच. भाजी निवडताना तेच, स्कूटरवर तेच, उधना दरवाज्याच्या सिग्नलला तेच. शेजारी गाडीवाला काच खाली करून ऐकायला लागला, तरी आपलं चालूच.

एक गोष्ट मला तेव्हा बोलता आली नाही, कारण सुचली नाही. घाटावर सुचली. रेंजवर तुम्ही एकाही मुलाला छर्रा द्यायचा नाहीत, जोवर ते स्वतः "तयार" म्हणत नाही. तुम्ही विचारायचात, तयार? पोर गप्प राहिलं, मान हलवली, घाईत हं केलं, तर छर्रा तुमच्या मुठीतच. नीट म्हण. मनापासून म्हण. बळजबरीने उचललेली बंदूक कुठेही सुटते, असं तुमचं म्हणणं. अहो, आणि तुमच्या भावाने तुमच्या पोरीचं लग्न आखाजीला लावून टाकलं, एका कावळ्याला साक्षी ठेवून, आणि तिला तयार का म्हणून कोणी विचारलं नाही. मी संतापले. संतापता संतापता मला आठवलं, रायफल की पिस्तूल, हे तुम्ही तरी तिला कुठे विचारलंत? आपण दोघं स्कूटरवर भांडत होतो आणि ती घरी होती.

जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही थोडे मऊ झाला होतात. मी परत विषय काढला. तुम्ही ओरडला नाहीत. पंख्याकडे बघत बसलात, आणि म्हणालात, "उद्या बोलू." बस. दुसऱ्या दिवशी मिलमधून आलात, हातपाय धुतलेत, दिवाणावर टेकलात, आणि चहा गाळून आणेपर्यंत गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. माझ्या हातात कप होता, मी तो धरूनच रिक्षात बसले. दवाखान्यात नर्सने काढून घेतला. उद्या बोलू म्हणणाऱ्या माणसाने निदान उद्याचा चहा तरी प्यायला हवा होता.

असो. तेराव्याची गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच सांगायला बसले होते.

तेराव्याच्या सकाळी किरणने तुमची रायफल वळकटीसोबत बांधून दारात ठेवली होती. दुपारच्या गाडीने आबा, किरण, सगळे गावाला निघणार. एक स्थळही बघून झालं होतं फोनवर. मुलाचं स्वतःचं लूमचं खातं आहे, चांगले लोक आहेत, असं आबा चुलत्यांना सांगत होते. वैशू स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. एका मापाच्या, एका जाडीच्या. ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, पण लाटणं जरा जोरात पडत होतं.

मी वळकटी सोडली. पेटी काढली. किरण म्हणाला, काकू, काय करताय? मी म्हटलं, आबा, घास वाढायच्या वेळी मला पाच मिनिटं द्या, गच्चीवर चला. नाही म्हणाले असते, पण तेराव्याच्या दिवशी विधवेला नाही कोण म्हणतं. सगळी वरात जिना चढून वर. मी पान वाढलं, वरण-भात, पुरी, खीर, आणि कठड्यावर ठेवलं. मग पेटी उघडली, बोल्ट उघडा, केशरी दोरा आत, सगळ्यांना दाखवला, आणि नळी पाण्याच्या टाकीच्या कोऱ्या भिंतीकडे करून रायफल पानाशेजारी ठेवली. तुमच्या पद्धतीने, वाळूत नाही, घडी केलेल्या चादरीवर.

डिशच्या अँटेनावर कावळे बसलेले. एकाने आवाज दिला, चार आले. खाली कोणी येईना. खीर गार होत चालली. खालून कोणीतरी ओरडलं, पानं कधी मांडायची? मी म्हटलं, आबा, आता घाटावर दिलेलं वचन पुन्हा म्हणा. शब्दन्‌शब्द. त्यांना वाटलं मला पटलं. हात जोडून त्यांनी सगळं म्हटलं, आखाजी म्हटली, लग्न म्हटलं, बंदूक किरणला म्हटलं. कावळा नाही. परत म्हटलं, आवाज चढवून. एक कावळा उडून गेला तो चक्क दुसऱ्या बिल्डिंगवर. किरण हळूच म्हणाला, बाबा, बहुतेक नाही म्हणतायत काका. मूर्ख आहे, पण मनाने वाईट नाही हो तो.

"नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत," मी म्हटलं. "बंदूक आहे, म्हणून येत नाहीत."

मी रायफल उचलली, पेटीत घातली, झाकण लावलं, जिन्याच्या आत नेऊन ठेवली. मग वैशूला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी वर आली. सगळ्यांसमोर मी तिला उभी केली आणि तुम्ही विचारायचात तसं विचारलं. लग्नाला तयार? तिने नुसती मान हलवली. नीट म्हण, मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही, मम्मी. आत्ता नाही." आबांनी मान खाली घातली. मग मी विचारलं, जे मी आणि तुम्ही मिळून विचारायला हवं होतं, रायफल की पिस्तूल?

तिने जिन्याकडे बघितलं, जिथे तुमची पेटी होती. कोणी तिच्यावर छर्रा झाडेल अशी उभी होती. "पिस्तूल," म्हणाली. "पण पप्पांना राग येईल."

आणि त्याच वेळी, अहो त्याच वेळी, कठड्यावर कावळा उतरला आणि पुरी घेऊन उडाला. मागोमाग दुसरा. खिरीत तर तिसऱ्याने पाय बुडवला.

आता गंमत बघा. मी केवढं रान उठवलं होतं, कावळा काही कौल देत नाही, बंदूक उचलली की येतो. तेच सिद्ध झालं. मी आबांना म्हटलं, बघितलंत? बंदूक काढली, आला. पण आबा ऐकायला तयार कुठे? त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले होते, डोळ्यांतून पाणी. म्हणाले, तं मंग त्याना जीव पिस्तूलमा व्हता. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, लग्नाचा विषय तिथेच संपवला, स्थळवाल्यांना स्वतः फोन करून नाही सांगितलं, आणि जाताना किरणला बजावलं, काकाच्या बंदुकीला हात लावायचा नाही. मी जे समजावून-समजावून थकले ते कावळ्याने केलं, आणि तेही चुकीच्या कारणाने. जिंकल्याचा असा राग मला आयुष्यात आला नव्हता. 

दुपारी सगळे गेले. मी आणि वैशू रेंजवर गेलो. चाव्या माझ्याकडेच आहेत, आणि राहतील. रायफल तुमच्या कपाटात ठेवली. ती केतनभाईंची मुलगी मोठी झाली की तिला धरायला देईन, अंगाला लागली तर. तुमच्या मित्राने पिस्तूल पाठवलंय. मूठ वैशूला मोठी होते. तिने पेन्सिलीने खुणा केल्या आणि कानस घेऊन बसली, थोडं घासायचं, हातात धरून बघायचं, परत घासायचं. शेजारी खाली संचे खडखडत होते. मग त्यांची चहाची वेळ झाली आणि आवाज थांबला. ती उठून उभी राहिली, सरळ, पाठ ताठ. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात. माझ्याकडे बघितलं. छर्रे माझ्या मुठीत होते. मी विचारलं, तयार? ती म्हणाली, तयार. टक्. मग परत. कागद दोरीने ओढून आणला. तो कागद तुम्हाला दाखवण्यासारखा होता.

आता तुम्ही म्हणाल, बघ, मीच मान्य केलं, पुरी घेऊन गेलो ना. अजिबात नाही. आबांना वाटू दे, अख्ख्या गावाला वाटू दे. मी घाटावर कावळ्याचं ऐकलं नाही, तर गच्चीवर माझ्या बाजूने आला म्हणून ऐकणार नाही. तुमच्या शिस्तीत मी इतकी वर्षं काढली, तेवढी शिस्त मलाही आहे. रायफल की पिस्तूल, या भांडणात तुम्ही हरलात असं मी कोणाला सांगणार नाही, कारण तुम्ही हरला नाहीत, मध्येच उठून गेलात. तुमचं उत्तर मला कावळ्याच्या तोंडून नको. पंख्याकडे बघत बसला होतात तेव्हा तुमच्या मनात काय होतं, हो होतं की नाही होतं, ते तुमच्या तोंडून हवंय. ओरडा हवं तर. नवशिक्याचं नशीब म्हणा. चहा ठेवलाय.

उद्या बोलू म्हणाला होतात ना? मग बोला.